गुरुवारच्या पॅलेट्स

“मॅडम, लाकडाचा वास घेताय?”

प्रतीक्षा दचकलीच. वाकून पॅलेटच्या फळ्यांना नाक लावलेलं असताना कुणी पकडलं, तर माणसानं करायचं काय?

“ओल आहे का बघतेय,” ती सरळ उभी राहत म्हणाली. “यावर आमची औषधाच्या पावडरीची पोती रचतात. तुम्ही कोण? पॅलेट्स आणणारे नेहमीचे काका कुठेत?”

“त्यांना ताप हाय. मी पुतण्या, मेहुल. सातपाटीचा.” तो हसला. “घ्या वास. ओल सापडली तर टेम्पो परत नेतो.”

ओल सापडली नाही, पण तिचं चित्त त्या दिवसापासून थाऱ्यावर राहिलं नाही. काका बरे झाले, तरी बोईसरच्या त्या कारखान्यात दर गुरुवारी मेहुलच येऊ लागला. पॅलेटचा खिळा वर आलेला दिसला की हातोडी काढायचा, तिच्याकडे बघत ठोकायचा, आणि तरी बोट शाबूत ठेवायचा.

“प्लास्टिकवाले आले होते,” एकदा ती मुद्दाम म्हणाली. “त्यांच्या पॅलेट्स धुता येतात. खिळेही नाहीत.”

“आणि तुटली तर?”

“टाकून द्यायची.”

“बघा. आमची तुटली तर मी येतो... जोडायला.”

“मग रोज एक तोडावी लागेल,” ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

श्रावणात घात झाला. पॅलेट्स एकदम कोरड्या आल्या होत्या. प्रतीक्षानं नाक लावलं, आणि डोळेच मिटले.

“बोंबील,” ती म्हणाली.

मेहुलचा चेहरा उतरला. “भिजू नयेत म्हणून पडवीत ठेवल्या. तिथं आईची सुकी मासळी असते. आमच्या नाकाला तो वास कळतच नाय, मॅडम.”

तिला हसू फुटलं. तिच्या साहेब चंद्रकांता मॅडम मात्र हसल्या नाहीत. “औषधाला मासळीचा वास लागला तर सगळा माल परत येईल. यापुढे लाकूड की प्लास्टिक, ते संध्याकाळपर्यंत तू सांग. गोदाम तू सांभाळतेस.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! प्रतीक्षा दारापर्यंत जायची, परत यायची. चहा मागवला, तो प्यायला विसरली. लाकूड म्हटलं तर मेहुल येत राहील... पण तो निर्णय गोदामासाठी की स्वतःसाठी? लाकूड वास पितं, प्लास्टिक पीत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती तोंडातून निघता निघेना.

“प्लास्टिक,” ती शेवटी म्हणाली, आणि खाली येऊन तिनं स्वतःच मेहुलला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून त्याला कळलेलं तिला सोसलं नसतं. त्यानं पॅलेट्स टेम्पोत चढवल्या, दोर आवळला आणि तो निघून गेला.

पुढचा आठवडा तिला खायला उठला. फाटकाशी कुठलाही टेम्पो वाजला की ती उठायची, आणि मग स्वतःवरच चिडायची. एके दिवशी काम सुटल्यावर ती बाहेर आली, तर समोर मेहुल. टेम्पो नाही, माल नाही, अंगावर भिजलेला इस्त्रीचा शर्ट.

“रागावलात ना?” तिनं विचारलं.

“रागावलो होतो. मग गावातल्या सुक्या मासळीच्या गोदामानं आमच्या पॅलेट्स घेतल्या. तिथं वासाची तक्रार कोण करतो?” त्यानं चेहऱ्यावरचं पावसाचं पाणी पुसलं. “मग वाटलं – बरंच झालं.”

“बरं कसं?”

“तुमी गिऱ्हाईक होता. काय बोललो असतो तर लोक म्हणाले असते, माल खपवायला पोरीला भुलवतो. तुमालाही तसंच वाटलं असतं... आता मला तुमच्याकडे काय विकायचं नाय. म्हणून सांगतो – मला तुमी आवडता.”

आठवडाभर जे तिला धड बसू देत नव्हतं, ते आता आपसूक बाहेर आलं.

“मलाही तुम्ही आवडता,” प्रतीक्षा म्हणाली. “त्या दिवशी प्लास्टिक म्हणाले, आणि घरी जाऊन खूप रडले. वाटलं, तुम्हालाच नको म्हणून आले.”

मग दोघं रिमझिम पावसात स्टेशनच्या रस्त्याला लागली, आणि आज पहिल्यांदाच दोघांपैकी कुणालाही घाई नव्हती.