धुळीची साक्ष

चोरी झालेल्या घरात केरसुणीला हात लावायचा नाही, हे आता मिरजेत शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. म्हणूनच एस्तेर साळवे सकाळी गावाहून परतल्या, दाराचं तुटलेलं कुलूप पाहिलं, आणि आत पसारा दिसत असूनही काही न आवरता त्यांनी पोलिसांना फोन केला.

फौजदार अनघा शिंत्रे तासाभरात आल्या. त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. धूळवाचक.

"काय काय गेलं, सिस्टर?" चाळीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या एस्तेरना निवृत्तीनंतरही सगळे सिस्टरच म्हणत.

"आईच्या पाटल्या. तेवढीच तिची आठवण होती माझ्याकडे."

"मिळतील. माणूस वावरतो तिथं त्याच्या कातडीचे कण झडतात. हे यंत्र ते धुळीतून वेचतं, त्यातली जनुकं वाचतं आणि सरकारी नोंदीशी ताडून नाव सांगतं. फरशीच्या फटीतली धूळ तर तीन वर्षांपर्यंतचं बोलते."

"म्हणजे तीन वर्षांत इथं आलेल्या सगळ्यांची नावं?"

"सगळ्यांची. त्यातून चोर आम्ही शोधतो."

"आणि बाकीच्यांचं काय?"

"हरवलेल्यांच्या यादीशी आपोआप ताळा होतो. नाव जुळलं की तक्रार देणाऱ्याला तिथल्या तिथं पत्ता जातो. मागच्या महिन्यात एक आजोबा असेच घरी पोचले." शिंत्रे अभिमानानं म्हणाल्या.

एस्तेर खुर्चीत बसल्या. मागच्या खोलीत तीन वर्षांत सोळा बायका राहून गेल्या होत्या. एकीची पाठ भाजलेली, एक सातव्या महिन्यात. बहुतेकींच्या नवऱ्यांनी बायको हरवल्याची तक्रार दिली होती. हा पत्ता हातात पडला की ते दारात उभे राहणार, आणि पुढचा माग इथूनच काढणार.

"यंत्र चालवायला मी सही देणार नाही."

"सहीशिवाय यंत्र चालू करता येत नाही, खरंय. पण या गल्लीतली ही तिसरी चोरी. साहेब दुपारपर्यंत कोर्टाचा आदेश आणतील."

"दुपारपर्यंत ना?"

एस्तेर उठल्या. बादलीत पाणी भरलं, फिनेल ओतलं आणि पदर खोचून मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसल्या.

"सिस्टर, पुरावा नष्ट करणं गुन्हा आहे!"

"घ्या की लिहून. साळवे, एस्तेर दानियल. वय सदुसष्ट."

शिंत्रेंनी त्यांचा हात धरला. एस्तेरनी नुसतं वर पाहिलं. हात सुटला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्या एकेक फट खरवडू लागल्या.

"कुणाला लपवताय एवढं?"

"ज्यांना मी टाके घातले, त्यांना."

शिंत्रे हळूच म्हणाल्या, "आणि चोरी त्यांच्यातल्याच कुणी केली असेल तर?"

एस्तेरचा हात थांबला. पाटल्या कुठं असतात, हे त्यातल्या दोघी-तिघींना माहीत होतं.

"असेलही," त्या म्हणाल्या. "तरी तिला नवऱ्याच्या हाती देणार नाही. पाटल्यांसाठी तर नाहीच नाही."

आदेश आला तेव्हा सगळं घर धुऊन झालं होतं, घरभर फिनेलचा वास होता. यंत्रानं पडद्यावर दोनच नावं दाखवली, एस्तेरचं आणि शिंत्रेंचं. एस्तेरवर गुन्हा नोंदला गेला. कागद पूर्ण वाचून त्यांनी ठळक अक्षरांत सही केली.

जाताना शिंत्रे दारात घुटमळल्या. "पुढच्या वर्षीचं यंत्र भिंतीचा चुनाही वाचणार आहे, सिस्टर. तेव्हा काय पुसाल?"

"भिंती खरवडीन," एस्तेर बादली उचलत म्हणाल्या. "पण तेव्हाही मला न अडवता, आदेशाची वाट बघत अशाच उभ्या राहाल का तुम्ही?"