तिघांच्या मापाची जागा

मी शाळेत शास्त्र शिकवतो आणि कुठलीही गोष्ट तालीम केल्याशिवाय करत नाही. माझी बायको दया म्हणते, दुधानं तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा हा एकच माणूस नगरात असेल. म्हणू दे. त्या सहलीची तालीम मी केली नसती तर, हा विचार मात्र आता माझी पाठ सोडत नाही.

१९७२ चा ऑगस्ट होता. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. आडात पोहरा टाकला की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. आमची एकुलती एक रोझी डिसेंबरात लग्न होऊन श्रीरामपूरला जायची होती. जाण्याआधी तिनं एकच मागितलं.

"बाबा, एकदा पोटभर पावसात राहायचंय. आपण तिघंच."

नगरला टिपूस नसला तरी भंडारदऱ्याला पाऊस असतोच. पंधरा ऑगस्टला जोडून मी रजा टाकली आणि तयारीला लागलो. भिंगारच्या जुन्या बाजारातून लष्करातला एक तंबू आणला. रॉकेलचा स्टो, ताडपत्री, तीन घोंगड्या, काड्यापेट्या मेण लावलेल्या डब्यात. माझा जुना विद्यार्थी मच्छिंद्र विम्याची कामं करायचा. त्याच्याकडून तिघांचा प्रवासाचा विमाही उतरवला. रोझीनं हसत हसत, वळणदार अक्षरात सही ठोकली.

"परत आलात की खालच्या चौकोनात पुन्हा तिघांनी सही करायची, सर," मच्छिंद्र म्हणाला. "सगळे घरी पोचल्याची. मग हा कागद मिटला."

तंबू अंगणात उभारून पाहायचा होता. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून भोवती चर खणावा लागतो, तोही खणून पाहायचा होता. जमीन दगडासारखी झालेली. म्हणून आमच्या ख्रिस्ती कबरस्तानात खणायचं काम करणाऱ्या सहादेवला बोलावलं.

"किती मानसं निजनार?" त्यानं विचारलं.

"तिघं."

त्यानं कमरेची सुतळी सोडली. आम्हाला एकेकाला उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि गाठी मारल्या. वीस वर्षं तो असंच माप घेत आला होता, त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. रोझी तर खो खो हसत सुटली. मीही हसलो आणि त्याला थांबवलं नाही. त्या गाठींच्या मापानं त्यानं तंबूभोवती चर खणला.

दुपारी आम्ही तंबूत आडवे होऊन पाहिलं. मी डावीकडे, दया उजवीकडे, रोझी मधे. सगळं बेतशीर बसलं.

निघताना सहादेव घुटमळला. "सर, मापानं उकरलेलं दिस मावळायच्या आत बुजवायचं असतं. न्हाईतर काट्याची फांदी तरी टाकावी त्यात."

"का रे?"

"रिकामं ऱ्हात न्हाई ते."

मला दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम करायची होती. चर तसाच ठेवला.

सकाळी तंबूत शिरलो तर ताडपत्री ओलीचिंब. बाहेर धूळ उडत होती. ताडपत्रीवर तीन जागा तेवढ्या कोरड्या होत्या, एक लांब, एक आखूड, मधे एक सडपातळ. रात्रभर तिघं तिथं निजून उठावीत तशा. कडेला तांबडा चिखल होता. आमच्या अंगणातली माती काळी आहे.

तंबू जुना, कापडात ओल मुरलेली असेल, असं मी स्वतःला समजावलं. ताडपत्री पुसली, उन्हात टाकली. घरात कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी मुकाट्यानं चर बुजवला आणि माती पायानं दाबली.

तिसऱ्या सकाळी कोरड्या जागा दोनच होत्या. मधली नव्हती.

सहल रद्द करावी असं शंभरदा वाटलं. पण काय सांगणार होतो? रोझीनं घोंगड्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. वीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवणारा मी, एका ओल्या ताडपत्रीला भ्यालो म्हणून कबूल कसं करू? मी मनाशी एकच ठरवलं. तिथं मधे मी निजायचं.

भंडारदऱ्याला धुकं इतकं दाट होतं की हाकेच्या अंतरावरचं धरणाचं पाणी नुसतं ऐकू यायचं. तांबड्या चिखलात तंबू रोवला. रोझी दिवसभर पावसात उभी होती, तोंड वर करून. तिला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

"मधे मी," संध्याकाळी मी म्हणालो.

"अहो, तिथंच तर वरून गळतंय," दया म्हणाली.

"गळू दे."

उजाडताना जाग आली तेव्हा मी कडेला होतो. अंगावर दोन घोंगड्या होत्या. मधली जागा रिकामी होती.

मी धडपडत बाहेर आलो. रोझी स्टोपाशी बसून चहा करत होती.

"तुम्ही भिजत होतात, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला हळूच सरकवलं आणि मी मधे आले."

मला रडूच कोसळलं. तिला घट्ट धरलं. ती गार होती. पावसात सगळेच गार असतात.

मग तंबूत जाऊन ताडपत्रीवरची अंथरुणं उचलली.

कोरड्या जागा दोन होत्या.

घरी सुखरूप पोचलो. मच्छिंद्र कागद घेऊन आला. मी सही केली, दयानं केली, रोझीनं केली. तिचा हात टेकला होता तिथं कागद भिजला आणि शाई पसरली.

"वाळू द्या, सर. उद्या नेतो," मच्छिंद्र म्हणाला.

तो कागद मी पत्र्यावर, नगरच्या उन्हात दगडाखाली ठेवला. मच्छिंद्र दोनदा येऊन गेला. चार महिने झाले, कागद अजून ओला आहे.

परवा लग्न आहे. रोझी आनंदात आहे, दयाही. आज दुपारी रोझीनं लग्नाची पांढरी साडी नेसून पाहिली. मग दयानं ती घडी न घालता पिळली आणि अंगणात दोरीवर वाळत घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

साडीखालची काळी माती तांबडी झाली होती.