इल्मारीच्या कानाचं माप

तो दुकानात शिरला तो चुकूनच. त्याला जायचं होतं शेजारच्या औषधांच्या दुकानात. पण बाहेर पाऊसही नाही आणि बर्फही नाही असं काहीतरी आडवंतिडवं पडत होतं, टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, आणि त्यानं एक दार अलीकडचं उघडलं. नोव्हेंबरात तुर्कूसारख्या थंड बंदराच्या गावात अशा चुका होतात. बहुतेक चुका शिंका देऊन संपतात.

"कानात घालायचे बोळे हवेत," तो म्हणाला. "फोमचे... पुन्हा तेच."

काउंटरमागे वेन्ला होती. दुकान रित्वाबाईंचं, श्रवणयंत्रांचं; आणि कानाचे साचे घेण्याचं काम वेन्लाचं. फोमचे बोळे पलीकडच्या दारात मिळतात, एवढं सांगून तिनं त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण त्याचे लाल डोळे बघून तिनं खुर्ची पुढे ओढली.

"आधी बसा," ती म्हणाली. "नाहीतर उभ्या उभ्याच झोपाल."

तो बसला, आणि हळूहळू बोलायला लागला. नाव इल्मारी. एक दिवसाआड संध्याकाळी स्टॉकहोमला निघणाऱ्या जहाजावर तो पाव भाजायचा. रात्रभर भट्टी, आणि झोपायचं ते दिवसा. त्याची खोली गाड्यांच्या मजल्याच्या बरोब्बर खाली. जहाज बंदराला लागलं की डोक्यावरून मालट्रक जायचे, लोखंडी साखळ्या फरफटायच्या. त्यानं खिसे उलटे करून काउंटरवर आपला सगळा संसार मांडला. फोमचे बोळे होते, ते झोपेत आपोआप बाहेर यायचे. मेणाचे होते, ते उशीला चिकटायचे. आणि आवाज गिळून टाकणारे म्हणून घेतलेले महागडे इअरफोन होते.

"हेही कामाचे नाहीत?" तिनं विचारलं.

"आवाज खातात ना. पण कुशीवर वळलं की कानही खातात."

वेन्लाला हसू आलं. त्याला आलं नाही. दोनदा भट्टीपाशी त्याचा डोळा लागला होता, दोनदा पावांचा कोळसा झाला होता, आणि मुख्य आचाऱ्यानं आता शेवटचं बजावलं होतं. जहाजावरची नोकरी गेली की उत्तरेला केमीला, चुलत्याच्या बेकरीत. तिथला हिवाळा आणि चुलता दोन्ही सारखेच थंड, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

त्याच्या कानाच्या मापाचे बोळे करायचे ठरले. बाजारातले बोळे दहा जणांच्या कानात बसतात म्हणून एकाच्याही कानात नीट बसत नाहीत, हे वेन्लाचं आवडतं वाक्य होतं. ते तिनं त्यालाही ऐकवलं. मग तिनं त्याचे कान तपासले, आत दोरा बांधलेला कापूस सरकवला आणि दोन्ही कान गार, मऊ लगद्यानं भरून टाकले. लगदा घट्ट होईपर्यंत तोंड हलवायचं नाही, हेही बजावलं. अशा वेळी गिऱ्हाइकाला दातांत धरायला एक ठोकळा देतात. तो द्यायला मात्र ती विसरली.

विसरली, कारण त्याच्या डाव्या भुवईवर पीठ होतं.

आता त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. समोर बसून वेन्ला मोठ्यानं म्हणाली, "भुवईवर पीठ आहे तुमच्या. सांगावं का?... नकोच. पुसून टाकाल. आणि मला ते... आवडलंय."

तो भिंतीसारखा बसला होता. फक्त ओठांचे कोपरे किंचित वर गेले आणि तसेच राहिले. लगद्यानं गुदगुल्या होत असतील, असं तिला वाटलं.

आठवड्यानं बोळे तयार होऊन आले. हिरवे, तिनेच निवडलेल्या रंगाचे. त्यानं तिथेच घालून बघितले. रस्त्यावरून बस गेली आणि त्याला ती कळलीच नाही. तो इतका हरखला की तिचे आभार मानताना दोनदा तेच वाक्य बोलला. मग त्यानं पिशवीतून एक खोका काढला, दालचिनीच्या वळणदार पावांचा. आमच्याकडे त्या पावाचं नावच मुळी 'कानशिलात' असं आहे. का ते विचारू नका, खाऊन बघा. वेन्लानं खाल्ला. इल्मारी गेल्यावर मात्र तिला पाव गोड लागेना. काम चोख झालं की गिऱ्हाईक परत येत नाही, ही ह्या धंद्याची मोठी खोट आहे.

पण तो परत आला. बोळे आवाज थांबवत नव्हते. तिनं ते त्याच्या कानात घातले, बाहेर राहणारी बारीक दांडी हळूच ओढून पाहिली, अगदी घट्ट. तो ओशाळून गेला आणि काही दिवसांनी पुन्हा आला. इथे घट्ट, जहाजावर सैल. दर खेपेला खोका, दर खेपेला थोडी थट्टा. मला बघायलाच येता ना, असं एकदा तिच्या अगदी जिभेवर आलं होतं... पण त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तो येतो म्हणून तिला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटायची.

मग एका दुपारी तो खोक्याशिवाय आला.

"कालचे पाव जळले," तो म्हणाला. "आचारी म्हणतोय, आणखी एक आठवडा बघतो. नाहीतर केमी."

तो हसत नव्हता, ती थट्टा करत नव्हती. वेन्लानं आपला ताठा बाजूला ठेवला आणि आतून रित्वाबाईंना बोलावलं. आपला साचा चुकलाय हे दुसऱ्याला सांगणं तिच्या जिवावर आलं होतं, पण त्याचं केमीला जाणं त्याहून जिवावर आलं.

रित्वाबाई साठीच्या. त्यांचा कानांवर भरवसा होता, माणसांवर बेताचाच. त्यांनी इल्मारीला बसवलं, बोळे घातले आणि त्याच्यासमोर हातानं खूण केली, इकडे माझ्याकडे बघ. एका कानातला बोळा जरा सैल करून म्हणाल्या, "आता तुझ्या चुलत्याचा विचार कर." त्याचा चेहरा उतरला. त्यांनी बोळा पुन्हा नीट बसवला, दांडी ओढली, आणि बोळा सहज हातात आला. मग त्यांनी तो परत घातला आणि वेन्लाकडे बोट दाखवलं. इल्मारीनं मान वळवली. ह्या वेळी रित्वाबाईंनी कितीही ओढला तरी बोळा निघेना.

"साचा उत्तम आहे," त्या वेन्लाला म्हणाल्या. "फक्त हसणाऱ्या माणसाचा आहे. हसलं की जबडा हलतो, कानाच्या नळीचा आकार बदलतो, हे तुला मी शिकवायचं का? ठोकळा कुठे होता?"

वेन्लाचे कान लाल झाले.

"आपल्याकडे अनोळखी माणसाकडे बघून हसतो तो एक तर प्यालेला असतो, नाहीतर परदेशी," रित्वाबाई पुढे म्हणाल्या. "हा दोन्ही दिसत नाही. तिसरं काय ते तुम्ही दोघं ठरवा. मी लगदा कालवते." आणि त्या आत गेल्या.

इल्मारीनं बोळे काढले. 

"त्या दिवशी... हसलास का?" वेन्लानं विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"तू म्हणालीस, भुवईवरचं पीठ आवडलंय."

"तुला ऐकू येत होतं?"

"छे. पण कणीक मळायच्या यंत्राशेजारी मी कितीतरी वर्षं काढलीत. तिथे कुणाला काही ऐकू येत नाही. आम्ही ओठांवरूनच बोलणं ओळखतो."

"आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"तू परत म्हणशील म्हणून वाट बघत होतो. शेवटी तर..." तो थांबला. "शेवटी तर मी भुवया धुणंच सोडलं होतं, वेन्ला. मला केमीला जायचं नाहीये. भट्टी तिथेही आहे. तू नाहीस."

वेन्लानं हात पुढे केला आणि त्याच्या भुवईवरचं पीठ अंगठ्यानं पुसलं. अगदी सावकाश, पूर्ण पुसलं जाऊ नये अशा बेतानं.

दुसरा साचा रित्वाबाईंनी घेतला. ठोकळा दातांत, आणि वेन्ला दुकानाबाहेर, अशी त्यांची अट. ती फुटपाथवर त्या आडव्यातिडव्या पावसात भिजत उभी राहिली. आयुष्यात इतक्या आनंदानं ती कधी गारठली नव्हती.

नवे बोळे निळे होते. ते घालून इल्मारी पहिल्यांदा झोपला तेव्हा जहाज बंदराला लागलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं, आणि ह्या गृहस्थाला त्याचा पत्ताही नाही. त्या रात्रीचे पाव आचाऱ्यानं स्वतः मागून घेतले. केमीच्या चुलत्याला नकार कळवला गेला. इल्मारीनं रित्वाबाईंना खोकाभर पाव आणून दिले आणि टोपी काढून आभार मानले. जुने हिरवे बोळे टाकून दे, कुचकामी आहेत, असं त्या म्हणाल्या. त्यानं मान डोलावली आणि ते खिशात घातले.

फेब्रुवारीतली एक दुपार. त्याच्या सुट्टीचा दिवस. वेन्लाच्या घराखाली बर्फ खरवडणारी गाडी खरड खरड करत रस्ता साफ करत होती, आणि तो तिच्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. कॉफीचा पेला ठेवायला ती वाकली आणि तिला त्याच्या कानात हिरवा रंग दिसला. निळे टेबलावर होते.

चुकून घातले असतील, तिला वाटलं. ह्या आवाजात बिचाऱ्याची झोप मोडेल. तिनं दोन बोटांनी हिरव्या बोळ्याची दांडी धरली आणि हळूच ओढली.

बोळा निघाला नाही. अगदी घट्ट बसला होता.

वेन्ला तशीच त्याच्या पाठीशी टेकून खाली जमिनीवर बसली. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, आणि बघायची गरजही नव्हती. ज्या ठोकळ्याचा तिला विसर पडला होता त्याचे, रित्वाबाईंचे, आणि नोव्हेंबरातल्या त्या चुकीच्या दाराचे तिनं मनोमन आभार मानले. मग कॉफी निवायच्या आत पिऊन टाकली.