थांबवायची ओळ

मिर्नानं दार ढकलायला आणि तो आतून बाहेर पडायला एकच गाठ पडली. सर्व्हरच्या खोलीतला गारठा त्याच्या स्वेटरला चिकटून आला होता. याक्शा, तिकिटांचं काम सांभाळणारा, एवढं तिला ठाऊक होतं. डोळे इतके हसरे असतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"तूच ना ती नवी? वेळापत्रकाचं पॅकेज करणारी?"

"हं..."

"माझं तिकिटांचं बघ. अडलं तर विचार. चावत नाही मी."

तिला चांगलं उत्तर सुचलं... तो जिना उतरून गेल्यावर.

स्प्लिट शहराच्या बंदरातल्या फेरीबोटींचा कारभार दोन जोडलेल्या सर्व्हरच्या क्लस्टरवर चाले. एकावर प्रोग्रॅम बंद पडला, की दुसऱ्यानं तो उचलायचा. प्रत्येक प्रोग्रॅमचं एक पॅकेज, आणि पॅकेजची एक स्क्रिप्ट: सुरू कसं करायचं, थांबवायचं कसं, जिवंत आहे का हे कसं ओळखायचं.

मिर्नाला थांबवायच्या भागात शंका होती. याक्शा दोन टेबलं सोडून बसे. एकदा धीर करून ती त्याच्यापाशी गेलीसुद्धा.

"बोल!" त्यानं मान वर केली.

"खिडकी... लावू का? वारा..."

"डोंगरावरून बुरा वारा सुटलाय आज. लाव, लाव."

तिनं खिडकी लावली आणि निमूट जागेवर आली. मग त्याची स्क्रिप्ट जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि 'तिकीट' दिसेल तिथे 'वेळापत्रक' लिहिलं. थांबवायच्या ओळीत मात्र ते राहून गेलं.

दुपारी तिनं आपलं पॅकेज थांबवून पाहिलं. 'थांबलं', असं उत्तर आलं. थांबली होती मात्र याक्शाची तिकिटं. क्लस्टरनं ती शहाण्यासारखी दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. मिर्नानंही तितक्याच शहाणपणानं तिकडे जाऊन तीच चाचणी केली. दोन्हीकडे पडलेलं पॅकेज आता कुठे चालवायचं? क्लस्टरनं हात वर केले. खाली तिकिटांच्या सगळ्या खिडक्या बंद पडल्या आणि ब्राच बेटाची बोट धक्क्यावरची माणसं ओरडत असतानाच सुटली.

विभागप्रमुख फ्राने, ज्यांना सगळे बार्बा, म्हणजे काका, म्हणत, लालबुंद होऊन आले.

"याक्शा! दोन-दोन सर्व्हर दिलेत, आणि दोन्हीकडे तुझी तिकिटं मेली? उन्हाळ्याची गर्दी तुझ्यावर सोडायची की नाही, विचार करावा लागेल मला."

याक्शा खाली पाहत राहिला. "बघतो, बार्बा."

मिर्नानं सर्व्हरच्या नोंदींचा लॉग पाहिला होता; थांबवायचा हुकूम तिच्याच पॅकेजमधून गेला होता. तिचे कान तापले. गप्प बसली असती तर कदाचित निभावलंही असतं... पण त्याची ती वाकलेली मान!

"बार्बा, ते माझ्यामुळे झालं. मी याची स्क्रिप्ट उतरवली. थांबवायच्या ओळीत नाव बदलायचं राहिलं."

"अगं, मग हा समोर बसतो ना! विचारायचं नाही होय?"

"विचारणार होते..."

"मग? जीभ काय बोटीवर गेली होती?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"त्याच्यासमोर गेलं की... मला बोलताच येत नाही."

सबब म्हणून म्हटलेलं वाक्य खोलीभर पसरलं, आणि त्याचा अर्थ तिला सगळ्यांच्या नंतर कळला. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

बार्बा खाकरले. "हे... हे अहवालात लिहू नका. चला रे, जेवायला! तुम्ही दोघं आधी ते नीट करा."

खोली रिकामी झाली. याक्शा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. ती पडद्यावरून नजर हलवेना.

"माझ्या स्क्रिप्टमध्ये ते नाव चार ठिकाणी हातानं लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "वर एकदाच लिहून खाली सगळीकडे तिथून घ्यायचं असतं. हे मागच्या वर्षीच करायला हवं होतं. मूळ चूक माझीच."

"मग बार्बांना का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"बार्बांची?"

"नाही गं..." त्याचेही कान लाल झाले होते. "तू बघत होतीस."

मिर्नानं आता पहिल्यांदा थेट त्याच्याकडे पाहिलं, आणि चक्क पाहतच राहिली.

"सरक थोडी," तो म्हणाला. "तू सांग, मी लिहितो."

आणि ती बोलू लागली.