बुटका होणारा किल्ला

"मामा, धाव! शिडी पोचतेय!" यादिरा किंचाळली.

अर्धा अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, तोंडात कोंबत आन्सेल्मोमामा आला. "पोचतेय? काहीतरीच काय!"

पण शिडी खरंच पोचत होती! चर्चमागच्या हॉलमध्ये भल्यामोठ्या टेबलावर मामाने थर्मोकोलचा सान फेलिपे किल्ला उभारला होता. वर बोटभर उंचीचे धातूचे सैनिक, खाली इंग्रजांची फौज. फार पूर्वी खऱ्या लढाईत खंदक खणल्यामुळे इंग्रजांच्या शिड्या तोकड्या पडल्या, ही गोष्ट कार्ताहेना शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दर जूनच्या सुट्टीत गल्लीतली मोठी माणसं फासे टाकून ती लढाई खेळत. यंदा पहिल्यांदाच किल्ला एका मुलीच्या ताब्यात होता. यादिराच्या!

आणि उद्या लढाई असताना तट चक्क बुटका झाला होता.

मामाने डोळे बारीक केले. "कोणीतरी तटावर रेललंय. तुम्हीच! दुसरं कोण?"

"आम्ही बोटसुद्धा लावलं नाही!" यादिराचा मावसभाऊ एदेर म्हणाला.

"मग तट काय आपोआप बसला खाली? पुन्हा असं दिसलं तर किल्ला मी सांभाळीन. तुम्ही मुलं बाहेर जाऊन फुटबॉल खेळा!"

मामा पाय आपटत गेला. यादिराच्या डोळ्यांत पाणीच आलं. किल्ल्यासाठी तिने वर्षभर मामाच्या मागे भुणभुण केली होती.

"मला विचारशील, तर हे डॉक्टर पेस्तानांचं काम," शेजारचा नाइब कुजबुजला. पेस्ताना दातांचे डॉक्टर आणि इंग्रजांचे सेनापती. दरवर्षी हरायचे. "दात उपटणाऱ्याला तट उपटायला कितीसा वेळ?"

एदेरने शिडी डब्यातल्या जादा शिडीला लावून पाहिली. दोन्ही अगदी सारख्या! म्हणजे शिडी वाढली नव्हती, तटच खचला होता.

"दुपारी सगळे झोपतात," यादिरा म्हणाली. "चोर तेव्हाच येणार. टेबलाखाली लपू या!"

टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत लोळत होतं. आत तिघं दाटीवाटीने बसली. उकाडा तर असा, की नाइबच्या नाकावरून घाम टपटपत होता.

दार करकरलं. चकचकीत बूट! डॉक्टर पेस्ताना!

"अरे वा, पोचतेय की!" डॉक्टर स्वतःशीच खुदकन हसले.

"पकडू या!" एदेर फुरफुरला. यादिराने त्याचा सदरा धरून ठेवला. कापडाच्या फटीतून समोरच्या कपाटाच्या काचेत तिला दिसत होतं, डॉक्टरांनी फक्त शिडी लावून पाहिली, हात चोळले आणि ते निघून गेले. तटाला त्यांनी स्पर्शही केला नाही. मग हे कुणाचं काम?

थोड्या वेळाने सपाता फटफटत आल्या. या सपाता तिघांच्याही ओळखीच्या होत्या. मामा! तो शीळ घालत होता.

"खंदकाला अजून थोडा चिखल हवा," तो पुटपुटला. फुस्स... फुस्स! रंगाचा उग्र वास पसरला. नाइबने दोन्ही हातांनी नाक दाबलं.

मामा गेल्यावर तिघं बाहेर आली आणि पाहतच राहिली. खंदकाची कड तव्यावरच्या लोण्यासारखी वितळत होती! वरचा तट हळूच कलला आणि तोफेजवळचा एक सैनिक धप्पकन खाली आला.

"पण रंग तर सगळ्याच किल्ल्यावर मारलाय," एदेर म्हणाला. "तो कुठे वितळला?"

यादिराने कपाळावर हात मारला. "त्याला आधी मी पांढऱ्या गोंदाचा लेप दिला होता! खंदक मामाने नंतर कोरला. तिथलं थर्मोकोल उघडंच राहिलं आणि स्प्रेने खाल्लं!"

"पण मामाला सांगायचं कुणी? उलट आपल्यालाच ओरडेल."

"सांगायचं नाहीच," यादिरा म्हणाली. "त्याच्याकडूनच करून घ्यायचं!"

संध्याकाळी मोठी मंडळी नारळ घातलेलं लिंबूपाणी पीत जमली. आणखी खचलेला तट पाहून मामा लालबुंद झाला. "झालं! आता किल्ला माझ्याकडे!"

"चालेल, मामा," यादिरा मवाळ आवाजात म्हणाली. "पण जाताजाता तुझ्यासारखा चिखल रंगवायला शिकव ना! हा घे थर्मोकोलचा तुकडा."

मामा लगेच फुलला. "बघा सगळ्यांनी! मनगट असं फिरवायचं!"

फुस्स!

तुकड्याला खड्डे पडले. खड्ड्यांची भोकं झाली. मामाने तुकड्याकडे पाहिलं, मग खंदकाकडे. त्याचे कान लाल झाले.

डॉक्टर पेस्तानांना हसू आवरेना. "आन्सेल्मो, आम्हा इंग्रजांना जे जमलं नाही, ते तू एका डब्यात केलंस की!"

यादिरालाही हसायचं होतं, पण मामाचा पडलेला चेहरा पाहून तिला वाईट वाटलं.

"माझं चुकलं," मामा सगळ्यांसमोर म्हणाला. "पोरांना उगाच बोललो. शाब्बास रे तुमची! एवढी वर्षं किल्ले बनवतोय, पण माझ्या डोक्यात हे आलं नाही. तट मी आज नवा करून देतो."

"नको," यादिरा म्हणाली. "असाच राहू दे. शिड्या पोचल्या तर पोचू देत. वर आम्ही आहोत ना!"

"बाप रे! उद्या माझं काही खरं नाही," डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामाने किल्ल्याचे फासे तिच्या हातात ठेवले. "सेनापती, मला बंदूकवाल्यांच्या रांगेत घ्याल का?"

"घेईन," यादिरा म्हणाली. "पण स्प्रे घरी ठेवून यायचं!"