फाटकापाशी दगा देणारी गाडी

गाडी पुन्हा मेली होती.

दोन सीटांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. वयाने मिस्त्रीच्या वडिलांएवढी, हट्टीपणातही तेवढीच. पळताना झकास, उभी केली की फुरफुरून बंद; किल्ली मारून अॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा पळायला तयार.

"नेमकी शाळेच्या फाटकापाशी दगा देते," साहेब म्हणाले. "मुलगी सुटायची वेळ असते हो. कार्बोरेटर बघा जरा."

कार्बोरेटर दोन, दोन्ही निर्दोष. मिस्त्रीने इंजिन सुरू करून कान लावला. बारीक शिट्टी. इंजिनाला जोडलेली रबरी नळी खालून चिरलेली होती आणि तिथून फुकटची हवा आत शिरत होती. मागच्या खेपेला नवी नळी बसवली होती, तीही याच जागी फाटलेली. म्हातारं रबर वेडंवाकडं तडकतं. ही चीर मात्र पट्टी लावून मारल्यासारखी सरळ.

"घरात कोण कोण असतं, साहेब?"

"मी, ही आणि मुलगी."

मिस्त्री हात धुवायला साहेबांच्या घरात गेला. दाराशी चपलांचे दोनच जोड. भिंतीवरच्या फोटोंत आईबापाचे केस पिकत गेलेले. मुलगी मात्र एका फोटोनंतर नव्हतीच. खिडकीशी वहिनी ब्लेडने शिवण उसवत बसल्या होत्या. ब्लेडची कड काळी.

"वहिनी, शिवणीतून रबर कधीपासून निघायला लागलं?"

ब्लेड थांबलं.

"नळी तुम्ही कापता. गाडी पळावी, पण कुठे थांबू नये, एवढ्यासाठीच. आणि साहेब थांबतात एकाच ठिकाणी." मिस्त्रीचा आवाज उतरला. "मुलगी कधी गेली?"

"तिसरीत होती. ताप आला." वहिनींनी कापड घडी केलं. "हे अजून आणायला जातात. तिथल्या आया आता यांना बघून पोरी मागे ओढतात. वॉचमन म्हणाला, पुन्हा थांबले तर पोलीस. गाडी पार बंद पाडली असती, तर चालत गेले असते आणि तिथेच बसून राहिले असते. त्यांना सांगू नका, भाऊ."

"मला माहीत आहे," दारातून आवाज आला. साहेब किल्ली घेऊन उभे होते. "ती शिट्टी मलाही ऐकू येते."

"मग मला बोलावता कशाला?"

"सकाळी वाटतं, आज येईल ती. गाडी नीट नको?" साहेब ओशाळून हसले. "फाटकापाशी इंजिन बंद पडतं, तेव्हा आठवतं. मग परत फिरायला निमित्त मिळतं."

मिस्त्रीने बसवायला काढलेली नवी नळी परत पिशवीत टाकली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"निघतो गं," ते वहिनींना म्हणाले. "तिला घेऊन येतो."