कोरा फॉल

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून वेदिका रविवार कारंजा चौकाजवळच्या सोमनाथच्या मॅचिंग सेंटरमध्ये शिरली. ती घरी साड्यांना फॉल लावून देई. हातात गिऱ्हाइकाची जांभळी साडी होती. सोमनाथ ती घेऊन सरळ रस्त्यावर उन्हात गेला.

"ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो," तो म्हणाला.

"आणि दुकानदार?"

"तो... उन्हात जरा लाजतो."

मग ती तिथेच येऊ लागली. फॉल म्हणजे निऱ्यांच्या आतून लावायची सुती पट्टी. तिच्यामुळे निऱ्या ताठ पडतात, काठ झिजत नाही. मात्र ती आधी भिजवून घ्यावी लागते. नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि साडी चुरगळून बसते. तिसऱ्या महिन्यात वेदिकाच्या लक्षात आलं, सोमनाथ देतो ते फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री केलेले असतात. त्याच्याकडूनच फॉल नेणाऱ्या शेजारच्या फुलाबाईंना तिने सहज विचारलं. त्या म्हणाल्या, आम्हाला तर बाई कोरेच देतो. त्यानंतर आठवड्याची खरेदी वेदिका दोन खेपांत करू लागली.

गुरुवारी तिने स्वतःची हिरवी साडी आणली. रविवारी सिन्नरचे लोक बघायला येणार होते. तेही तिने सांगितलं, साडीकडे बघत. सोमनाथने उन्हात न जाताच फॉल काढून दिला. तिने घडी उलगडली. खळीने कडक, कोरा.

"हा भिजवलेला नाही."

"नाही."

"का?"

"रविवारपर्यंत साडी तयार होऊ नये... असं वाटलं."

"तासाभरात भिजतो, सोमनाथ. रात्रीत वाळतो."

"माहीत आहे."

"मग काय साधलं?"

"तुम्ही विचारलंत," तो म्हणाला. "सिन्नरच्यांना नाही म्हणा."

"आई कारण विचारेल."

"मी आहे, म्हणून सांगा."

वेदिकाने तिथूनच आईला फोन लावून सिन्नरच्यांना नाही कळवायला सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज चढत राहिला. ती कोऱ्या फॉलची घडी घालत ऐकत होती. कान मात्र लाल झाले होते.

"नाही आई, पोह्यांचा बेत मोडू नकोस. रविवारी येतीलच लोक... दुसरे." फोन ठेवून तिने सोमनाथकडे पाहिलं. "अकरा वाजता. तुमच्या आईंना घेऊन या."

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि सोमनाथने शटर ओढलं. आईला सांगायला त्याला घरी जायचं होतं. दुकान उघडून तासही झाला नव्हता.